झाडून काढलेलं नुकसान

तीर्थरूप भावोजींना लांबूनच नमस्कार (हात चिखलाचे आहेत, पाय धरले तर तुम्हीच ओरडाल).

तुमचा गुडघा कसा आहे? ताईची दाढ काढली की अजून तीच तिला छळतेय? गेल्या पुरापासून आपल्यात अबोला आहे, हे मी विसरलेलो नाही. पण अबोल्यात पत्र लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो.

ओढ्याने आमचा बांध फोडला, कुंपण आडवं केलं आणि खालच्या तुकड्यावर गुडघाभर रेती आणून टाकली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच आहे. सरकारने अशा जमिनींसाठी तातडीचं अनुदान जाहीर केलं. मी अर्ज केला. अट एकच होती : पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करायची नाही. आम्ही आठ महिने काडी हलवली नाही (तातडीला तेवढे लागतातच म्हणे). पडलेल्या कुंपणात कोंबडीने दोनदा पिल्लं काढली. मी रोज देवाला दिवा लावून त्या उघड्या भगदाडाकडे बघत बसायचो. माणसाच्या पदरी इतकी स्वच्छ आपत्ती क्वचितच येते, असंही मनात यायचं.

मग चिठ्ठी आली : अधिकारी सोमवारी येत आहेत. ताईची भावजय (म्हणजे आमची ही) चिठ्ठी वाचून उभीच राहिली. म्हणाली, "एवढा मोठा साहेब येणार आणि हा उकिरडा दाखवायचा?" मी अटीचा कागद पुढे केला. ती म्हणाली, "दुरुस्ती कोण करतंय? नुसतं आवरतोय!" मी विचार करणारा माणूस. विचार केला आणि मला ते पटलं. तिथेच घात झाला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून चार दिवसांत रेती ओढून काढली, कुंपण सुतळीने उभं केलं, भगदाडात भुसभुशीत माती भरून वरून फावड्याने थोपटली. सोमवारी सकाळी हिने बांधावर झाडूसुद्धा मारला.

साहेब आले. पायवाटेवर बूट मळले नाहीत म्हणून खूश झाले. शेत हिंडले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नुकसान कुठंय?" ही म्हणाली, "अहो, चार दिवस आधी यायचं होतंत!" त्यांनी मोठ्याने म्हणत वहीत लिहिलं : नुकसान आढळले नाही, शेत अत्यंत नीटनेटके. (शेवटचे तीन शब्द ऐकून ही क्षणभर लाजली.) मी म्हटलं, साहेब, हवं तर आत्ता बांध पुन्हा फोडून दाखवतो. ते सज्जन माणूस, हळूच म्हणाले, "केलेलं नुकसान चालत नाही हो, झालेलं लागतं."

भावोजी, पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे. अनुदान मिळून दगडी बांध झाला नाही, तर ही थोपटलेली माती पहिल्याच लोंढ्यात जाईल, आणि या खेपेला बांधाखालची विहीरही बुजेल. विहीर गेली की आम्हीही इथून उठलो. काल बांधावर उभा राहिलो तर पाय घोट्यापर्यंत आत गेला. तसाच उभा राहिलो. काढायचं मनात आलं नाही.

ताईला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. : पुराच्या दिवसाचा तारखेसह फोटो असेल तर महिनाअखेरपर्यंत पुन्हा अर्ज करता येतो, असं साहेब जाताना म्हणाले. मी त्या भगदाडात कंबरेपर्यंत रुतून आभाळाकडे हात करून देवाशी भांडत होतो, तेव्हा तुम्ही हसत हसत जो काढला होता, तोच एक फोटो. घरच्या सगळ्यांना दाखवलात म्हणून मी देवाची शपथ घालून तुम्हाला तो पुसायला लावला होता. तुम्ही "पुसला" म्हणालात, तरी मी बोलणं टाकलं.

ता. क. २ : त्या दिवसाची खूण कुणाजवळ राहू नये, असं मी तेव्हा देवाजवळ मागितलं होतं. त्याने माझं एवढं तंतोतंत कधीच ऐकलं नव्हतं. आता रोज दिव्यापुढे हात जोडून दुसरंच मागतोय : भावोजींनी शब्द पाळलेला नसू दे.