येर्बा कोणी ओतायची

पोत्रेरो आल्तो,
१४ ऑगस्ट

प्रिय झुनिल्दाताई,

तुला एक घट्ट मिठी, आणि आधी इकडची खुशाली. आई बरी आहे. खोकते, पण खोकल्यापेक्षा बोलते जास्त. ऑगस्टच्या पहिल्या पहाटे तिनं मला सताप-लिंबाची दारू पाजली आणि तुझ्या वाटचे घोटही माझ्याच गळी उतरवले. म्हणजे यंदाचा ऑगस्ट तुलाही बाधणार नाही. तू तिकडे ब्वेनोस आयरेसला सुखात राहा, नशा मला.

तुझा निरोप मिळाला. बालवाडीत माझ्यासाठी जागा बघितलीस, खोलीत दुसरी खाटही आणलीस. सप्टेंबरात येणार की नाही, ते सांगते. आधी शाळेचं ऐक.

मागच्या पत्रात मी रडगाणं गायलं होतं, की मुख्याध्यापकी नको, तुझ्याकडेच येते. तेव्हा खरंच तसं वाटत होतं. परीक्षा देऊन पद मिळालं, पण गावाच्या मनात त्या खुर्चीवर एलादिआबाईच होत्या. आपल्या दोघींनाही त्यांनीच शिकवलं ना! त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मग मीही तोऱ्यात. दार लावून ऑफिसात बसायचे आणि भिंतीवर सूचना डकवायचे.

जुलैच्या वादळात सातवीच्या वर्गावरचे पत्रे उडाले. मी एकटीनंच ठरवलं, सातवी दुपारी सहावीच्या खोलीत भरेल. लावली सूचना. दुसऱ्या दुपारी वर्गात मी आणि एक कोंबडी. दुपारी पोरं कसाव्याच्या शेतात असतात, हे मला माहीत नव्हतं का? पण कुणाला विचारलंच नाही.

"मॅडम, कोंबडीची हजेरी लावलीत ना?" सिरिलो सर दारातून म्हणाले. मी असं बघितलं की त्यांचं हसू गेलं. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही साहेब झालात आणि एकाच भांड्यातून फिरणारी आमची सकाळची येर्बा बंद पडली. सगळ्यांत लहान तुम्ही, ओतायचं काम तुमचं. आता मुख्याध्यापिकेला ओत म्हणणार कोण?"

ताई, सगळे आपापला थर्मास घेऊन वेगवेगळ्या कोपऱ्यात बसायचे आणि मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत.

दुसऱ्या सकाळी येर्बाचा पाला आणि गरम पाण्याची किटली घेऊन मी व्हरांड्यात बसले. पहिलं कडू भांडं ओतणारीचं, ते स्वतः प्यायले, दुसरं भरून एलादिआबाईंपुढे धरलं. त्या लगेच घेईनात. म्हटलं, "बाई, पत्र्यांचं मला काही सुचत नाहीये. सांगा ना."

"सुचत नाहीये होय? मला वाटलं, तुला सगळंच सुचतं." पण भांडं घेतलं.

ते फिरत राहिलं. मला मध्येच तोंड घालायची खोड, तुला माहीतच आहे. जीभ चावून गप्प बसले. शेवटी त्याच म्हणाल्या, "चॅपल रविवारखेरीज रिकामंच असतं. किल्ली माझ्याकडे आहे." सिरिलो सरांनी बैलगाडीतून बाकं नेली, आणि गावातली बाप्ये मंडळी न बोलावता हात लावायला आली.

आता सातवी सकाळीच भरते, चॅपलमध्ये. संतांच्या पुढ्यात पोरं निदान कॉपी तरी करणार नाहीत, असं एलादिआबाईंना वाटतं. करतात.

पत्रे अजून बसायचेत. रोज सकाळी त्यावरून वाद होतो. मी ओतते, ऐकते आणि शेवटी काय ते ठरवते. आणि ताई, ठरवलेलं होतं. मला हे काम जमतंय. फार आनंद होतो त्याचा, आणि तो तुला सांगायची लाज वाटते. लोकांच्या फरशा पुसून तू मला शिकवलंस, ते आपण दोघी पुन्हा एका घरात राहू म्हणून.

मी येत नाहीये. बालवाडीत नाही म्हणून कळव. त्या रिकाम्या खाटेकडे बघून तुला काय वाटेल, हे मनात आलं की पेन खाली ठेवत होते. रागाव, हवं ते बोल, पण अबोला धरू नकोस. डिसेंबरात ये आणि समोर बसून भांड.

सगळ्यांना विचारून ठरवायला शिकले म्हणते, आणि हे तेवढं तुला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर तू "राहा" म्हणाली असतीस, आणि मग एकटीनं रडली असतीस.

तुझ्या कष्टांवर मास्तरीण झालेली, आणि इथेच राहणारी,
तुझी निमिआ