पानाला आठशेचा कौल

कोल्हापूर, शुक्रवार

तीर्थरूप केरबामामांस, धाकट्या भाच्याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुमचा मोतीबिंदू नीट निघाला असेल आणि मामींचा गुडघा जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे डॉक्टरकडे जावे असे काही नाही. बाकीचे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी पहाटेच्या गाडीने मी गावी आलो, विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या अंगाने भैरोबापुढे उभा राहिलो, हे तुम्हाला आठवत असेल. पुजारी म्हणून कौल तुम्हीच लावलात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न माझा होता. आपल्या गावच्या दूध संस्थेचे वार्तापत्र मी सहा वर्षे लिहितो आहे. (छापखाना बंद पडला तेव्हापासून ही असली वार्तापत्रेच माझे पोट आहेत.) सहा वर्षांत दर पानाला दोनशेवरून हललेला नाही, कारण मी कधी तोंडच उघडले नाही. दर विचारला की माझ्या तोंडून "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" एवढेच निघते, आणि लोकांना फार कमी योग्य वाटते.

तर मी विचारले, देवा, पाचशे मागू का? उजवी पडली. मी नमस्कार करून निघणार, तोच तुम्ही म्हणालात, "अरे, आलाईस तर वाढवून बघ की! देवाच्या घरात काय लाजतोस?" सहाशे विचारले, उजवी. सातशे, उजवी. आठशेला मात्र पाकळी बसून राहिली. मी डोळे मिटून होतो. बराच वेळ गेला. "लई उकडतंय बाबा," असे तुम्ही म्हणालात, मग काहीतरी घरघरले, आणि उजवी पडली. घरघर कशाची हे मला तेव्हाच कळले होते, मामा. कळून घ्यायचे नव्हते, एवढेच. देवाच्या उजव्या अंगाला तुम्ही टेबल फॅन ठेवला आहे हे मी येतानाच पाहिले होते.

तसाच संस्थेत गेलो. चेअरमन हंबीरराव चहा पीत होते. मी आठशे म्हणालो आणि खाली बघितले. ते म्हणाले, "एका पानाला? अवं, आमची म्हैस लिटरला साठ घेती. तिला वैरण लागती, पेंड लागती. तुमाला काय लागतंय? शाई?" शेजारचे दोन संचालक हसले. मग त्यांनी विचारले की तुमच्या लिखाणाला फॅट किती लागते ते तरी सांगा, म्हणजे दुधाच्या दराच्या तक्त्यात बसवून बघू. (मामा, मी यावर खरोखरच विचार करू लागलो होतो. इतका मी खचलेला होतो.) तेव्हा मला म्हणता आले असते की एका पानासाठी मी दोन दिवस गोठ्यागोठ्यांतून फिरतो, संचालकांची भाषणे मराठीत आणतो, तीन वेळा तपासतो. ते राहिले बाजूला. मी म्हणालो, "भैरोबाचा कौल आहे, साहेब."

हंबीररावांनी कप खाली ठेवून हात जोडले. म्हणाले, "मग आमाला बी देवाला इचाराय पायजे."

दुसऱ्या दिवशी ते पाच संचालक घेऊन तुमच्याकडे आले. त्यांनी काय विचारले ते तुम्ही मला कळवले नाहीत. संस्थेचा शिपाई गुंडू प्रसादाचा अर्धा नारळ घेऊन इकडे माझ्या दारात आला तेव्हा कळले. प्रश्न असा होता, की हे लिखाण सेवा म्हणून फुकट करून घ्यावे का? उजवी पडली. पडणारच. गुंडू म्हणाला, "तात्या, येका मिनटात पडली बगा. देव लई खूश हाय तुमच्यावर."

मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, "माणसांस्नी गाडी गाठायची असती. पंख्याबिगर आता कोण थांबतंय?"

मामा, देवावर माझा राग नाही, आणि खरे तर तुमच्यावरही नाही. तुम्ही आल्यागेल्याला हवे ते देता. चूक माझी. जे स्वतःच्या तोंडाने मागायची लाज वाटत होती, ते मी देवाच्या तोंडून मागवायला गेलो. तो बिचारा उभ्या जन्मात कधी कुणाशी भाव करत नाही.

परवा पुन्हा संस्थेत गेलो आणि उभ्यानेच म्हणालो, पानाला सहाशे, अर्धे आधी. हंबीरराव म्हणाले, "देवापेक्षा मोठा झालास व्हय?" अहोजाहो तिथेच संपले. मी म्हणालो, "न्हाई. पण पानं देव लिहीत न्हाई, मी लिहितो." ते काम आता त्यांच्या पुतण्याला, पृथ्वीराजला दिले आहे. तो फुकट करतो. त्यासाठी त्याला मोटारसायकल घेऊन दिली आहे.

मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा,
आकाराम

ता. क. १ : जत्रेच्या अंकाची आठ पाने अजून का आली नाहीत, असा तुमचा निरोप मिळाला. अकरा वर्षे मी तो अंक "घरचंच काम" म्हणून लिहीत आलो. पाने तयार आहेत. आठ पानांचे चार हजार आठशे. देवस्थान समितीकडे जत्रेची वर्गणी जमते, मांडववाला पैसे घेतो, बँडवाला घेतो.

ता. क. २ : हे देवाचे काम आहे, असे तुम्ही म्हणाल. देवाचे काम म्हणून मी जत्रेच्या आदल्या दिवशी येऊन देऊळ झाडून, धुऊन काढीन. त्याचे काही घेणार नाही. पानांचे घेईन.

ता. क. ३ : सोबत दरपत्रक जोडले आहे. त्यात "नातेवाईक : सवलतीत" अशी एक ओळ होती. तुमची भाचेसून संयोगिता म्हणाली, मामांसाठी तेवढी तरी राहू द्या. तीन दिवस राहू दिली. आज सकाळी खोडली, आणि आठ पाने कपाटात ठेवून कुलूप लावले.