जपानी जकात आणि गुरुबसप्पाची साक्ष

मी, बसलिंगप्पा संगप्पा उंबरजे, वय एकसष्ट, धंदा चादरींचा, राहणार मंगळवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुषीने लिहून ठेवतो. दमा छातीत आहे, डोके शाबूत आहे.

१. राहते घर पत्नी जगदेवी हिचे, तिच्या हयातीपर्यंत. तिच्या स्वयंपाकघरात कोणी लुडबुड करू नये. चाळीस वर्षांत माझीही छाती झालेली नाही.

२. माग व दुकान मुलगा बसवराज यास. व्यापारी मंडळातली माझी जागाही तोच घेईल, म्हणून पुढचे त्याने नीट वाचावे.

सन १९३३ साली स्वस्त जपानी कापडाने आमचे माग बसू लागले. जकात वाढवा, असा अर्ज मंडळाने सरकारकडे केला. आमच्या घरात पेढीची सही थोरल्यानेच करायची रीत. मी ‘संगप्पा आणि पुत्र’ अशी पहिली सही ठोकली. धाकटा भाऊ गुरुबसप्पा हा पेढीच्या याच नावाने वैरागला कापूस विकत होता, आणि तो कापूस जात होता जपानला. त्याला विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही. जकात वाढली, माग वाचले, आणि जपानने रागाने इकडचा कापूस घेणे थांबवले. पुढे तडजोड होऊन खरेदी सुरू झाली, पण दलालाने अर्जावरचे नाव दाखवून गुरुबसप्पाला परतवून लावले. तो दुकानाच्या पायरीवरूनच बोलला, "आण्णा, तुजं माग जगलं की. माजं गिऱ्हाईक कुटं हाय?" त्यानंतर तो आला नाही. मला त्याची फार आठवण येते.

जकात मागितल्याचा मला पस्तावा नाही. न विचारता मागितली, त्याचा आहे. परदेशी मालाबद्दल सरकारला लिहिण्याआधी बसवराजने विणणारा आणि कापूस विकणारा, दोघांना एका जाजमावर बसवावे. सरकार धोरण ठरवताना मँचेस्टरच्या गिरण्यांकडे बघते. आपण निदान वैरागकडे बघावे.

३. वैरागची वखार गुरुबसप्पाची मुलगी निंगव्वा हिला. त्यालाच दिली असती, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, आणि दुसरी साक्ष मला त्याचीच हवी. साक्षीदाराला समोर यावे लागते, कागद घरी पाठवून भागत नाही, हे मी दोनदा विचारून घेतले आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही.

मसुदा: सोलापूर, ता. २ फेब्रुवारी १९३६
सही: बसलिंगप्पा संगप्पा उंबरजे, ता. १२ मार्च १९३६

साक्षीदार:
१. महिपती येडू गावडे, शेजारी
२. गुरुबसप्पा संगप्पा उंबरजे, वैराग. समोर बसून सही बघितली. आण्णाचा दमा लई वाढलाय. मी आठ दिवस हितंच हाय.