दुसऱ्या बशीचा खुलासा

जयनगर, बंगळूर
रविवार, २६ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप कस्तुरीअक्का यांच्या चरणी,

शंतनुचा बंगळुराहून वाकून नमस्कार. (स्वित्झर्लंडहून परतल्यापासून पोटामुळे वाकणं जरा जड जातं, तरी तुमच्यासाठी वाकलो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? शाळेतल्या मुली तुम्हाला पूर्वीइतक्याच भितात ना? भीत असतील तर तब्येत उत्तम आहे असं धरून चालतो. इकडे सगळं क्षेम आहे. मी आहे, घर आहे, दूधवाला रोज येतो आणि दूध रोज उतू जातं. सोमवारी सकाळच्या गाडीने संध्या एक बॅग घेऊन, मला ‘येते’ एवढंच सांगून धारवाडला तुमच्याकडे आली, ती सुखरूप पोचली असेलच. ती परत कधी येणार हे विचारायला हे पत्र नाही. सख्खी बहीण आहे, माहेर आहे, तिनं हवं तेवढं राहावं. माझं काम वेगळंच आहे. जाताना ती माझा फोटोंचा आल्बम घेऊन गेली आहे आणि पीण्या भागातल्या आमच्या कारखान्यातली मंडळी तो बघायला अधीर झाली आहेत (निदान एकाने विचारलं होतं). तेवढा आल्बम हवा आहे. आता तो तुमच्या हाती पडलाच असेल, आणि त्यात जिथे-तिथे माझ्यासमोर एक दुसरी बशी मांडलेली दिसते हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल, म्हणून त्या बशीचा खुलासाही ओघाने करतो.

तुम्हाला ठाऊकच आहे की कारखान्याने एक स्विस यंत्र विकत घेतलं आणि त्याच्या नाड्या समजून घ्यायला मला सव्वा वर्ष तिकडे धाडलं. लहानसं गाव, एका म्हातारीच्या घरात वरची खोली, आणि मी तिथला रीतसर परदेशी रहिवासी आहे असं सांगणारं सरकारी कार्ड. जाताना माझी समजूत अशी की हे लोक सकाळी चॉकलेट खातात, रात्री चीज खातात आणि मधल्या वेळात घड्याळं करतात. पहिल्या महिन्यातच ती मोडली. त्या देशात दर डोंगरामागे वेगळं जेवण आहे, आणि प्रत्येक खोऱ्यातल्या माणसाला पलीकडच्या खोऱ्यातलं जेवण गुरांपुढे टाकण्याच्या लायकीचं वाटतं. एवढं कळल्यावर माझ्यासारख्या माणसाने स्वस्थ कसं बसावं? अर्ध्या भाड्यात प्रवास करू देणारं रेल्वेचं कार्ड काढलं आणि दर रविवारी एक खोरं असा नेम धरला. आमच्याच भागातला पहिला मान रोस्टीचा. अक्का, रोस्टी म्हणजे आपला बटाट्याचा कीस. फक्त तो तव्यावर थापून दोन्ही बाजूंनी लाल करतात आणि जिऱ्याचा एक दाणाही घालत नाहीत. दोन एकादश्या मी त्यावर निभावून नेल्या. (कांदा होता की नाही ते मी निरखून पाहिलं नाही.) देशाच्या जर्मन बोलणाऱ्या आणि फ्रेंच बोलणाऱ्या भागांमधली सीमासुद्धा तिथे गमतीने या किसावरूनच सांगतात. बेळगाव इतकं जवळ असताना तुम्हाला यावर जास्त काय सांगू.

मग ग्लारूस नावाच्या मुलुखात एक हिरवं चीज मिळालं. त्याला वास येतो तो थेट आपल्या वाळवलेल्या मेथीचा. दुकानात उभ्या उभ्या मला धारवाडची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. (काही अंशी ते चीजच झोंबलं होतं.) ग्राउब्युंडेनच्या डोंगरात उकडलेला बटाटा किसून, पीठ चोळून, लोण्यावर तासभर परततात आणि भगरीसारखं मोकळं करून सफरचंदाच्या मुरांब्याबरोबर खातात. दक्षिणेला तिचिनोत गेलो तर तिथे मक्याची उकड. वाले नावाच्या खोऱ्यात चीजचं अर्धं चाक विस्तवासमोर धरतात आणि वरचा थर वितळला की उकडलेल्या बटाट्यावर खरवडून घालतात. बटाटे संपेपर्यंत वाढत राहतात; आपल्याला पुरे म्हणावं लागतं, आणि पुरे या शब्दाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मी मुद्दामच शिकलो नाही.

आता बशी. या सगळ्या मुलुखाचा राजा म्हणजे फोंद्यू. मातीच्या भांड्यात चीज वितळवतात (त्यात द्राक्षांचं काहीतरी पातळ ओततात, त्याची चौकशी मी केली नाही), भांडं खाली ज्योत लावून टेबलावर आणतात, आणि लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून सगळे त्या एकाच भांड्यात बुडवून खातात. उष्टं-खरकटं हा विषय त्यांच्या डोक्यात शिरत नाही. पण एक नियम मात्र फार कडक. फोंद्यू किमान दोन माणसांसाठीच करतात, एकट्याला देत नाहीत. पहिल्या खाणावळीत मी एक बोट दाखवलं, बाईने दोन दाखवली. मी पुन्हा एक दाखवलं, तिने मला सूप आणून दिलं. सलग तीन रविवार सूप प्यायल्यावर माझ्यातला इंजिनीयर जागा झाला. चौथ्या रविवारी मी दोन बोटं दाखवली आणि बायको पुढच्या गाडीने येते आहे असं सांगितलं. लगेच दोन बश्या, दोन काटे, दोन पेले. मग मी घड्याळाकडे पाहायचं, दाराकडे पाहायचं, एक सुस्कारा सोडायचा आणि भांडं निवायला नको म्हणून सुरुवात करायची. दोन्ही काटे माझेच, त्यामुळे उष्ट्याचाही प्रश्न मिटला. पुढे ग्रुयेरच्या बाजूला एका खाणावळीत मी पाचव्यांदा गेलो तेव्हा मालकीणबाई स्वतः दारात जाऊन रस्त्याकडे बघून आली. तिला माझी इतकी दया आली की तिने माझा कॅमेरा घेतला आणि रिकाम्या खुर्चीसकट माझा फोटो काढला. बायकोला दाखव, म्हणाली, तिला कळू दे काय चुकलं ते. मला कल्पना आवडली. तेव्हापासून प्रत्येक खाणावळीत मी तसा फोटो काढून घेत गेलो.

हे सगळं मागच्या रविवारी मी आल्बम उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहाबरोबर समजावून सांगत होतो. संध्या कप भरत होती. पलीकडच्या घरातली भव्या फोटो बघता बघता म्हणाली, “सर, ही दुसरी प्लेट यार्दु? स्वल्प सांगा की, कोणाची?” इतक्या लोकांसमोर मी परदेशात खोटं बोलून जेवत होतो हे कसं सांगणार? मी म्हटलं, “अशीच.” अक्का, तुम्ही इतकी वर्षं मुलींच्या चेहऱ्यावरून उत्तरपत्रिका ओळखता, तेव्हा ‘अशीच’ या उत्तराला किती मार्क मिळतात ते तुम्हीच ठरवा. भव्या “सरी सरी, बरं” म्हणाली आणि पुढचं पान उलटलं. संध्या आत गेली, आणि सकाळी आल्बम घेऊन गाडीत बसली. तर खुलासा हा असा आहे. दुसरी बशी कोणाचीही नव्हती. कोणाची असलीच तर तिचीच होती, कारण मी नाव तिचंच सांगत होतो.

आणि एक. फोंद्यू संपला की भांड्याच्या तळाला चीजची खरवड लागते, तांबूस, कुरकुरीत. तिथे तिच्यावरून घराघरांत भांडणं होतात. आमच्याकडे बासुंदीच्या पातेल्याची खरवड लग्न झाल्यापासून संध्याने मला एकदाही मिळू दिलेली नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. तिकडे सबंध खरवड मला एकट्याला मिळायची, आणि खरं सांगतो, ती खाताना फार एकटं वाटायचं.

इथे थांबतो. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये आणि पत्रावर लाल शाई बेताने चालवावी.

आपला आज्ञाधारक,
शंतनु

ता. क. आल्बम टपालाने पाठवू नये, कोपरे दुमडतात. बंगळूरला येणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याच्या हाती द्यावा.

ता. क. २. असं ओळखीचं कोणी नसेल आणि संध्याच येणार असेल, तर तिच्या हाती दिला तरी माझी हरकत नाही. किंबहुना आल्बम तिकडेच राहिला तरी चालेल.

ता. क. ३. सोमवार. पाकीट चिकटवणार एवढ्यात भव्याकडे तुमचा फोन आला. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत, म्हणून इथे लिहितो. संध्याला दुसऱ्या बाईचा संशय स्वप्नातही आला नव्हता, शंतनुकडे बघून कोण बशी मांडणार, असं ती म्हणाली हे तुम्ही सांगितलंत. जरा लागलं, पण ते असो. पुढचं मात्र मला माहीत नव्हतं. मी तिला प्रत्येक पत्रात लिहीत गेलो की उकडलेल्या बटाट्यावर आणि दह्यावर दिवस काढतो आहे. मजेत जेवतो असं लिहिलं तर तिला वाटेल की हिच्यावाचून याचं काही अडत नाही, म्हणून लिहिलं; वाईट हेतू नव्हता. आणि तिने ते खरं मानून तेव्हापासून गोड सोडलं. मी परतल्यावर माझ्या हातून गोडाचा पहिला घास घेऊनच तो नेम सोडायचा असं तिने ठरवलं होतं, असं तुम्ही म्हणालात. अक्का, मी नोव्हेंबरात आलो. सुटकेसभर चॉकलेटं आणली आणि कारखान्यात, गल्लीत, ऑटोवाल्यालासुद्धा वाटली. परवाच्या संक्रांतीला तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, तो मी तोंडात टाकला आणि भव्याला चीजबद्दल सांगत राहिलो. ती अजून थांबली आहे हे ऐकल्यापासून मला काही सुचत नाही. फार लाज वाटते आहे.

ता. क. ४. उद्या पहाटे निघतो आहे. रजेचं कारण विचारलं तेव्हा घरगुती म्हटलं. पेढे तुम्ही आणून ठेवू नका, स्टेशनवरून येताना मी ताजे घेईन. हे पत्र टपालात टाकलं तर माझ्यामागून पोचेल, म्हणून बरोबरच आणतो. दार उघडाल तेव्हा माझी चौकशी करू नका, पत्रही घेऊ नका. आधी तिला बाहेर बोलवा.