पश्चिमेचा झोत

१२ जानेवारी, सोमवार
विनायकने आज ग्रुप मीटिंगमध्ये चित्र दाखवलं. माझ्या दीर्घिकेचं. जिच्यावर मी पीएचडी केली, तिचं. निरीक्षणं मी घेतलेली, नऊ वर्षांपूर्वी, रेडिओ दुर्बिणीवर पंधरा दिवस मुक्काम ठोकून. चित्र त्याचं. मधल्या कृष्णविवरातून पूर्वेला निघणारा झोत सगळ्यांना ठाऊक आहे. ह्याच्या चित्रात पश्चिमेलाही एक. फिका, पण आहे. माझ्या प्रबंधात अख्खं प्रकरण आहे, दुसरा झोत का नाही यावर.
राव सर, आमचे ग्रुपप्रमुख, खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. माझ्या टॉकला एकदा उठले होते, चहा आणायला.
मी म्हटलं, “छान.” आवाज बरा निघाला.

१३ जाने., मंगळ
त्याने केलं काय, तर काहीच नाही. चित्र साफ करताना आपण चौकट आखतो. आतलं खरं, बाहेरचं कचरा, असं संगणकाला सांगायचं. मी चौकट पूर्वेलाच आखली होती. त्याने दोन्हीकडे आखली. झालं! आयत्या बिळावर नागोबा.
(लिहून बरं वाटलं. पाच मिनिटं.)
जागा एकच आहे, कायमची. मुलाखती ५ फेब्रु.ला. इथल्यांपैकी यादीत आम्ही दोघंच. माझं कंत्राट जूनमध्ये संपतंय आणि सदतिसाव्या वर्षी आणखी एक कंत्राट घ्यायची ताकद नाही. तो एकतीस. निपाणीचा. मला अक्का म्हणतो.

१५ जाने., गुरु
संक्रांत. वि. घरी आला, आईने केलेलं एळ्ळू-बेल्ल (इथला तिळगूळ) घेऊन. “अक्का, आईनं धाडलंय. घ्या, गोड बोला.” गोड बोलले. इतकं की तो गेल्यावर मंदार म्हणाला, “किती फेक हसत होतीस गं!” नवऱ्याला नको तेव्हा दिसतं.

१८ जाने., रवि
चिकपेटच्या कापडबाजारात गेले, ब्लाउजपीस हवा होता. गर्दीत वि. आणि त्याची आई. मुलाखतीसाठी शर्ट घेत होते. “अक्का, ह्यो का त्यो?” मी मुद्दाम तो पिवळट दाखवला. त्याने तोच घेतला. शोभतोय मेल्याला.

२१ जाने., बुध
वि.ने त्या चित्रावर पाठवलेल्या पेपरवर परीक्षकाचं पत्र आलं. (पेपरमध्ये माझं नाव तिसरं. डेटा दिल्याबद्दल.) म्हणतो, एखादा अँटेना त्या दिवशी बिघडलेला असेल तर असा खोटा झोत उमटू शकतो. निरीक्षणाच्या दिवशीची काही नोंद आहे का?
मनात लाडू फुटले. इथे तरी खोटं कशाला लिहू.
वि. दारात उभा. “अक्का, त्या दिवसाची वही असंल की तुमच्याकडं? तुम्ही सगळं लिवून ठेवता.”
“बघते. नऊ वर्षं झाली रे.”
उत्तर २ तारखेपर्यंत द्यायचंय. नोंद नसेल तर पेपर लटकणार, आणि मुलाखतीत राव सरसुद्धा त्याची बाजू घेऊ शकणार नाहीत.

२४ जाने., शनि
सापडली. राजाजीनगरच्या या घरात आलो तेव्हापासून न उघडलेल्या खोक्यात. माझं अक्षर:
“दु. २.१०. सगळे अँटेना ठीक. घाईत काढलेल्या चित्रात पश्चिमेला फिकट काहीतरी? पुन्हा कॅलिब्रेट केलं. आहेच.”
खाली, दुसऱ्या पेनने: “पश्चिमेचं काढून टाकलं. असला झोत इथे कुणी पाहिलेला नाही. हसतील.”
मला दिसला होता.
हे मी विसरले होते. खरंच विसरले होते, की विसरायचं ठरवून
नको. वि.वर जळत होते तोवर सोपं होतं. आता त्या अठ्ठावीस वर्षांच्या बावळट मुलीवर जळायचं? तिच्या हातात होतं सगळं.

२७ जाने., मंगळ
मंदारला सांगितलं. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून दोन तास ट्रॅफिकमध्ये सडून आला होता, बूटही काढले नव्हते. म्हणाला, “अनघा, सिंपल आहे. सापडली नाही म्हण. कोण चेक करणारे?”
मी भडकले त्याच्यावर. माझ्याही मनात तेच होतं, म्हणून जरा जास्तच. वही सापडली नाही तर मला कुणी चोर म्हणणार नाही. सापडली तर त्याचा झोत पक्का, आणि माझी ‘हसतील’ ही ओळ जगजाहीर.

२९ जाने., गुरु
वि. आला. दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “न्हाई सापडली तर ऱ्हाऊ दे अक्का. तुम्ही उगंच त्रास करून घिऊ नका. नोंद न्हाई म्हणून लिवतो मी.”
वही माझ्या पिशवीत होती. मंगळवारपासून रोज नेत होते आणि परत आणत होते.
काढून दिली. चांगुलपणा वगैरे काही नाही. माझी काळजी करायला लागला त्याचाच राग आला.
उभ्याउभ्या वाचलं त्याने. दोनदा. मग: “अक्का, तुम्हाला तवाच दिसला होता की हो.”
मी खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती.

३० जाने., शुक्र
सकाळी त्याचा मेसेज, सोबत सुधारलेला पेपर. “नाव तुमचं पयलं टाकलंय. आधी तुम्ही बघितला, मी नंतर. सर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. सोमवारी संध्याकाळी पाठवतो, तवर सांगा.”
फाइल उघडली. पहिलं नाव माझं. त्याचं दुसरं.
म्हणजे चांगुलपणासुद्धा ह्याच्याकडेच. माझ्यासाठी काही ठेवणार आहे की नाही हा माणूस?

१ फेब्रु., रवि
मंदार म्हणतो, घे, हक्क आहे तुझा. आहे का? दिसला मला, हे खरं. दिसलेला मी माझ्या हाताने पुसला, हेही. मुलाखतीत विचारतील, नऊ वर्षं गप्प का बसलात. त्याचं उत्तर जमेल मला. तीनचार पद्धतींनी जमेल. याचीच भीती वाटते.
“तुझंच नाव पहिलं राहू दे” असं लिहिलं, मग खोडलं. पुन्हा लिहिलं. पाठवलं नाही.

२ फेब्रु., सोम
कॅन्टीनमध्ये समोरासमोर जेवलो. तो आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिला. मी सार भुरकत राहिले. ताट उचलताना म्हणाला, “काय ठरलं मग अक्का?”
“संध्याकाळी सांगते.”
साडेचार झालेत. नाही म्हणायचंय. नाहीच म्हणणार आहे. दुपारपासून ती फाइल अकरा वेळा उघडली, फक्त पहिलं पान बघायला.