वरच्या टोल्याची स्वागत-कमान

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसे ठेवतात. दहावीत मला गणिताने आणि इंग्रजीने दगा दिला, शुद्धलेखनाने कधीच नाही.

संकल्प: गावातल्या आमच्या वस्तीवर, म्हणजे वरच्या टोल्यावर, हँडपंप आणणे. योग्य मार्गाने.

कारण पहिले, आईचा गुडघा. नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरायचा आणि चढ चढायचा. कारण दुसरे, कांता. तिचे वडील रामाजी काल आमच्या अंगणात बसून स्पष्टच म्हणाले, पोरगा चांगला हाये, पण तुमच्या टोल्यावर पाणी कुठी हाये? माही पोरगी झिरा उपसाले नाई देत मी. बोरिंग येऊ द्या, मंग बोलू.

आईचा चेहरा उतरला. माझा नाही. शासन आहे कशाला?

५ फेब्रुवारी

ग्रामपंचायतीला कुलूप. सरपंच नानाजी बांधावर बैल चारत होते. म्हणाले, ग्रामसेवक बाजाराच्याच दिवशी येते. किल्ली त्याच्या पिशवीत, शिक्का बी पिशवीत, अन् पिशवी सायकलले.

म्हणजे आमची ग्रामपंचायत सायकलला लटकलेली असते. किळस आली.

८ फेब्रुवारी, बाजार

ग्रामसेवक वामनराव चिंचेखाली भजी खाताना सापडले. अर्ज दिला. वाचण्याआधी त्यांनी त्याच्यावर भजी ठेवली. शिक्क्यावर अजून ‘जिल्हा चंद्रपूर’. गडचिरोली जिल्हा होऊन चौथे वर्ष चालू आहे, हे मी निदर्शनास आणले. म्हणाले, जिल्हा बदलला, रबर नाई बदललं बापू.

अर्जात आधी ‘वरचा टोला’ लिहिले होते, ते मी स्वतःच खोडले. सरकारी दप्तरात टोल्याला नाव नाही, गाव एकच. वामनराव म्हणाले, राहू दे ना गा, काऊन खोडतं? मी अनियमितता राहू देत नाही.

ग्रामसभेचा ठराव लगेच झाला. ग्रामसभाही लगेच झाली. जो भजी घ्यायला आला तो हजर. खालच्या टोल्याचा लच्छूसुद्धा अंगठा देऊन गेला. त्याने विचारले, साहेबाइले कोंबडी देली का, मुखरूभाऊ? मी म्हणालो, लोकशाहीत कोंबडी लागत नाही. तो हसला. दात खराब आहेत.

२० फेब्रुवारी

पंचायत समिती. पहिला बाबू म्हणाला, फाईल वर गेली. वरचा म्हणाला, खाली आली. मधला जेवायला गेला होता. बीडीओ साहेब जिल्हा परिषदेत. बाहेर जिल्हा परिषदेचाच एक माणूस भेटला, तो म्हणाला, तुमचे साहेब दौऱ्यावर आहेत. दौरा कुठे? पंचायत समितीत.

सर्वांना नमस्कार केला. छाप पडली असावी. शिपायाने मला दारातून बाजूला व्हायला सांगितले, पण ‘अहो’ म्हणून.

पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली भिंत पाहून परतीच्या एसटीत जेवण गेले नाही. कांताशी लग्न झाल्यावर या लोकांना सुधारायचे हाती घेईन.

१४ मार्च

विजय! जिल्ह्याहून भूजलवाले साहेब जीपने आले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आमच्या मोहाच्या झाडापासून थोडे दूर चुन्याची फुली मारली. आई मोहफुले वेचत होती, तशीच टोपली टाकून फुलीला हात जोडून उभी राहिली. मी समजावले की ही फुली वैज्ञानिक आहे, हात जोडू नये. ती म्हणाली, पाणी लागू दे, मंग तुह्या विज्ञानाले बी जोडतो.

वामनराव सांगतात, पुढच्या महिन्यात मशीन येईल. त्या दिवशी स्वतः सभापती नारळ फोडतील.

सभापती! आणि आमच्या टोल्याला स्वागत-कमान नाही.

साहेब पाणी पीत होते तेवढ्यात त्यांच्या जीपची उंची दोरीने मोजून घेतली. दोरीला गाठ मारली. काम पद्धतशीर असावे.

६ एप्रिल

कमान चालू. टोल्याच्या तोंडाशी, जिथे गाडीवाट खालच्या टोल्याकडे फुटते त्याच्या जरा पुढे. दोन्हीकडे सागाच्या बल्ल्या गाडल्या, आडवे बांबू, आंब्याचे डहाळे. गडचिरोलीहून पताकांचा कागद आणला. मधोमध ‘सुस्वागतम्’, पाय मोडून. तालुक्यात कोणीही पाय मोडत नाही.

उंची: दोरीच्या गाठीवर एक हात. सभापतींचे डोके जीपमध्येच असते, तरी मान राखला.

आई म्हणाली, मशीनवाल्या पोराइसाठी कोंबडी कापतो, दोन भाकरी थापतो. मी सक्त मनाई केली. भ्रष्टाचार असाच चुलीजवळ सुरू होतो.

लच्छू पाहून गेला. म्हणाला, लय मस्त झाली भाऊ, पण हे रेल्वेचं फाटक हाये का? मत्सर.

८ एप्रिल

वामनरावांचा निरोप: परवा, गुरुवारी, सभापती नक्की. मशीनही त्याच दिवशी. पताका पुन्हा चिकटवल्या. बकऱ्यांना दगड मारायला शेजारच्या सुगंधाबाईला बसवले. तिला पदाचे महत्त्व कळत नाही, सारखी पाण्याला जाते.

९ एप्रिल, बुधवार, दुपार

मशीनगाडी आजच आली! न कळवता. शिस्त नावाची गोष्टच उरलेली नाही.

गाडी प्रचंड. वर लोखंडी मनोरा आडवा पडलेला. कमानीपुढे येऊन थांबली. ड्रायव्हर नागपूरकडचा. म्हणाला, हे काढा ना भाऊ, मी जाऊन राह्यलो आत.

मी विचारले, सभापती आलेत का? म्हणाला, कोण सभापती? मले तर बोरिंग करून उद्या दुसऱ्या गावाले जायचं हाये.

मी सांगितले की कमान सभापतींसाठी आहे. त्यांच्याखेरीज तिच्याखालून पहिल्यांदा कोणी जाऊ शकत नाही, आणि काढायची तर ग्रामसेवकाचे लेखी हवे. तुम्ही थांबा, मी घेऊन येतो. आई ओरडली, अरे तोड न रे बाबा तो बांबू! मी म्हणालो, नियम आहे.

सुगंधाबाई कुऱ्हाड घेऊन निघाली होती. मी आडवा झालो.

आता सायकलवर निघतो.

तीच तारीख, संध्याकाळ

वामनराव नव्हते. कुलूप. परत आलो तो गाडी नाही. खालच्या टोल्याकडून धडधड ऐकू येत होती आणि कोंबडीच्या रश्श्याचा वास.

पाणी लागले. गोड आहे म्हणतात.

ड्रायव्हरला विचारले, फुली वर होती ना? तो हाड चोखत म्हणाला, कागदावर गावाचं नाव हाये, अन् हे बी तेच गाव हाये न बापा? लच्छू म्हणाला, बस ना मुखरूभाऊ, दोन घास खाऊन जा. भूक होती. तत्त्वासाठी बसलो नाही.

घरी आई हंडा घेऊन झिऱ्याकडे निघाली होती. टोल्यावरच्या एकाही बाईने माझ्याकडे पाहिले नाही. सुगंधाबाईने पाहिले, पण थुंकून.

१० एप्रिल, गुरुवार

आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कमानीजवळ उभा. सभापतींची जीप आली. कमानीच्या अलीकडूनच खाली वळली. मी हार हलवला. एका साहेबाने उलट हात हलवला, म्हणजे नोंद घेतली.

खालच्या टोल्यावर नारळ फुटल्याचा आवाज इथपर्यंत आला.

दुपारी कमानीखालून सुगंधाबाईची बकरी गेली. जाता जाता ‘सु’ खाल्ला.

१५ एप्रिल

संपूर्ण यंत्रणेची शिसारी आली आहे. जिल्हा परिषदेला, आयुक्तांना, मंत्रालयाला लिहिणार. चूक कोणाची हे स्पष्ट आहे: एक दिवस आधी येणाऱ्याची.

आता टोल्यावरच्या बाया नाला ओलांडून पलीकडे खालच्या टोल्यावर जातात. लांब आहे, पण पाणी स्वच्छ. आईला गुडघ्याबद्दल विचारले. म्हणाली, तुही कमान गुडघ्याले बांध.

२२ एप्रिल

मंत्रालयाचा मसुदा झाला. सुवाच्य. पाकिटाला लावायला खळ नाही. पताकांना संपली.

४ मे, रविवार

सकाळी रामाजी आले! तेंदूपानाच्या गडबडीत मुद्दाम आले, म्हणजे विषय महत्त्वाचा. भांग पाडून बाहेर आलो. मनात वाक्य तयार होते: पुढच्या मंजुरीत वरचा टोला निश्चित.

ते वाक्य लागले नाही. कांताचे जुळले. लच्छूच्या लहान भावाशी. रामाजी म्हणाले, आता पाणी दाराशीच हाये न, पोरगी सुखात राहील. तू बी मनावर घेऊ नको गा.

मी म्हणालो, अभिनंदन. उच्चार स्पष्ट होता.

मग म्हणाले, दुसरं काम असं हाये, तुह्या कमानीचं नाव साऱ्या मुलखात झालं. आमच्या मांडवाच्या तोंडाशी तशीच एक करून दे. फक्त उंच कर बाबू. वरात ट्रकमध्ये येऊन राह्यली.

विचार करून हो म्हणालो. ‘सुस्वागतम्’ दुसऱ्या कोणी लिहिले तर पाय मोडणार नाही. ट्रक कुठे उभा असतो तेही विचारून घेतले. खालच्या टोल्यावर, बोरिंगजवळ.

उद्या सकाळी दोरी घेऊन मोजायला जातो. आईला सांगितले. ती म्हणाली, जाऊनच राह्यला तर हंडा भरून आण.