इंगे ओमाची हातगाडी

रेगेन्सबर्ग, १० जून २००७

आम्ही मॉर्मन होणार! घाबरायचं कारण नाही, एका दिवसापुरतेच. खालच्या मजल्यावरच्या इंगे ओमा (ओमा म्हणजे आजी) सकाळीच केक घेऊन वर आल्या. जुलैत त्यांच्या मॉर्मन चर्चची माणसं दिवसभर हातगाड्या ओढत चालणार, पूर्वज अमेरिकेत गेले तशी. कपडेसुद्धा तसेच. एका गाडीला एक कुटुंब. ओमांचा नवरा गेला, मुलं लांब. म्हणाल्या, "मला माझ्या खापरपणजीची गाडी ओढायची आहे. माझं कुटुंब व्हाल का?"

संदीपकडे न बघताच मी 'हो, हो' म्हणून मोकळी. रेवा तर खोलीभर नाचली. नऊ वर्षांची घोडी, सोफ्यावरून उड्या!

बरंच झालं. घरात हल्ली एकच विषय, आणि तोच कुणी काढत नाही. संदीपला कंपनीनं कायमची नोकरी देऊ केलीय. २३ जुलैला उत्तर द्यायचं. त्याला राहायचंय. मला पुण्याला जायचंय, तीनच वर्षं असं ठरलं होतं. आता निदान गाडीवर तरी बोलू.

१७ जून

ओमांकडे बसून कातारीनाची, म्हणजे खापरपणजीची, गोष्ट ऐकली. हॅम्बर्गहून बोटीनं निघाली. नवरा, दोन लेकरं. पुढे बैलाला पैसे नाहीत, म्हणून हातगाडी. माळरान, नद्या, डोंगर, सगळं पायी. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचल्यावर मातीच्या विटांचं घर. पीक आलं ते टोळांनी खाल्लं. परत पेरलं. (तिची नात पुढे लग्न करून जर्मनीत परतली, म्हणून ओमा इथे.)

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वाटेत काही माणसं मुक्काम करून शेतं पेरत. खायचं कुणी? तर मागून येणाऱ्यांनी. कातारीनानं असंच कुणीतरी पेरलेलं खाल्लं. कुणी पेरलं, तिला कधी कळलं नाही.

रेवा कानात प्राण आणून ऐकत होती. एरवी माझं एक वाक्य पुरं ऐकेल तर शपथ.

२४ जून

संदीप केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गाडी बनवतोय, वर येतच नाही. चाकाचं ड्रॉइंग तीन बाजूंनी काढलंय. बेअरिंग बसवणार होता. ओमांनी खाली जाऊन दम भरला, "कातारीनाकडे बेअरिंग नव्हते!" बिचारा. आता नुसता लाकडी आस, आणि तो असा किंचाळतो की अख्खी बिल्डिंग खिडकीत.

त्या काळी आसाला डुकराची चरबी लावत म्हणे. माझ्या घरात नाही येणार ती. आईंना (सासूबाईंना) फोन केला. "अगं, एरंडेल घाल की. आमच्याकडे बैलगाडीला तेच घालायचे." रेवाच्या पोटासाठी आणलेली बाटली आसावर रिकामी झाली. इतका आनंद तिला वाढदिवसालाही झाला नव्हता.

१ जुलै

आज फजिती. तालीम चर्चच्या हॉलमध्ये. ओमा काल म्हणाल्या होत्या, उद्या आमचा सगळ्यांचा उपास. मी म्हटलं, वा, हे तर आपलंच काम! पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी, मोठं पातेलंभर. दाण्याचं कूट, जिरं, तुपाची फोडणी. वर थर्मास भरून आल्याचा चहा.

झाकण उघडलं. वास सुटला.

त्यांचा उपास म्हणजे पाणीसुद्धा नाही. आणि चहा तर ते जन्मात पीत नाहीत! संदीपनं छताकडे बघायला सुरुवात केली. मी समजावत बसले की ही खिचडी उपासाचीच असते, म्हणजे उपास मोडत नाही, म्हणजे... गेनाऊ, म्हणजे तेच ते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तुम्ही उपासाला नेमकं सोडता काय?"

संध्याकाळी उपास सोडायला पातेलं गरम केलं. चाटून पुसून खाल्लं लोकांनी! चहा आम्ही दोघांनी बाहेर पार्किंगमध्ये उभ्यानं संपवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. किती दिवसांनी असं.

१५ जुलै

सामान भरणं माझ्याकडे. माणशी जेमतेम आठ किलो. विमानाच्या बॅगा भरणाऱ्या बाईला हे सांगता? बाथरूममधला काटा केलरमध्ये नेला. पांघरुणं, धपाटे, मेतकूट, आणि कुकर. संदीप म्हणाला, "कातारीनाकडे कुकर नव्हता." मी म्हटलं, म्हणूनच इतके हाल झाले तिचे.

ओमांनी एक घडीची खुर्ची ठेवलीय. गुडघा दुखतो त्यांचा, पण बोलून दाखवत नाहीत.

२१ जुलै

केलं!!! हात सोलवटलेत, लिहवत नाही, तरी लिहिणार.

शेतांमधून मैलोन् मैल. एरंडेलानं लाज राखली. मग चढ आला. म्होरक्यानं गाड्या थांबवल्या : प्रत्येक कुटुंबानं एक वस्तू इथे उतरवायची, पूर्वजांना टाकावी लागली तशी. मी कुकर घट्ट धरून. तोवर ओमांनी गुपचूप आपली खुर्ची उतरवून गवतात ठेवली.

मला इतकी लाज वाटली! खुर्ची परत चढवली, कुकर खाली. (येताना गोळा करायच्याच होत्या वस्तू, पण त्या क्षणी ते कुठलं आठवायला.) मग संदीप आणि मी पुढून, रेवा मागून. अर्ध्यात चाक दगडात अडकलं, तेव्हा ओमाही ढकलायला आल्या. रेवा चक्क मराठीत ओरडत होती, "जोर लावा! आई, जोर लाव!"

वर पोचलो. ओमा खुर्चीत बसल्या आणि येईल त्याला सांगत सुटल्या, "हे माझं कुटुंब." मी रडले. खुशाल रडले.

संदीप शेजारी गवतात बसला. म्हणाला, "मी काहीच ठरवलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर सोमवारी नाही कळवतो." मनापासून म्हणाला. आणि मला 'नाही' म्हणता येईना. 'हो'ही येईना.

२२ जुलै

अंग ठणकतंय. दुपारी ओमांनी अंगणातला त्यांचा वाफा दाखवला. आता वाकवत नाही, म्हणाल्या, अर्धा तुझा. स्ट्रॉबेरीची रोपंही दिली. लावायची आत्ताच, फळ पुढच्या जूनमध्ये.

पुढचा जून.

मी मातीत बसले आणि लावायला लागले. सगळी लावली. नखं काळी झाली, मजा आली. रेवा जवळ येऊन उकिडवी बसली, जर्मनमध्येच विचारलं, "ही खाणार कोण? आपण?"

संदीप झारी घेऊन मागे उभा. उद्या सोमवार. म्हणाला, "मग काय कळवू?"

मी म्हटलं, "आधी पाणी घाल."